ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूची कारकीर्द कशी वाचावी

मेलबर्नचे क्रिकेट मैदान नागपूरच्या क्रिकेटप्रेमी घरांना नवे नाही. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे पाच वाजता रजई पांघरून दूरचित्रवाणीसमोर बसायचे आणि बॉक्सिंग डे कसोटीचा पहिला चेंडू पाहायचा, हा अनेक घरांतला नेम आहे. याच मैदानावर १९७० मध्ये एका सामन्याला १,२१,६९६ प्रेक्षक आले होते आणि तो सामना क्रिकेटचा नव्हता, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तो ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा अंतिम सामना होता. या खेळाचे मूळही क्रिकेटमध्येच आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये म्हणून काही खेळ असावा, असे पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूने जुलै १८५८ मध्ये लिहिले, पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले, आणि हा खेळ आजही क्रिकेटच्या लंबगोल मैदानावरच खेळला जातो.

ज्यांना या खेळातल्या मोठ्या खेळाडूंविषयी वाचायचे आहे, टिपणे काढायची आहेत किंवा मराठीत त्यांचा परिचय लिहायचा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः गोलांच्या उतरत्या क्रमाने थोर खेळाडूंची एक यादी तयार केली होती. पॉली फार्मर आणि बॉब स्किल्टन यांना त्या यादीत जागाच मिळाली नाही, आणि बॅरी रॉब्रन हे नाव तर मी तोवर ऐकलेही नव्हते. ती यादी मला पुन्हा मुळापासून मांडावी लागली. पुढे दिलेला क्रम त्या दुरुस्तीतून तयार झाला आहे.

सुरुवात धावफलकापासून करावी. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारला तर गोल होतो आणि सहा गुण मिळतात. मधला खांब आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेला तर बिहाइंड धरला जातो आणि एक गुण मिळतो. त्यामुळे १२.९ (८१) असे लिहिलेले दिसले, तर बारा गोलांचे बहात्तर आणि बिहाइंडचे नऊ मिळून एक्याऐंशी, असा हिशेब करावा. एका बाजूचे अठरा खेळाडू मैदानात असतात आणि सामना चार भागांत होतो. दुसऱ्या खेळाडूने पायाने मारलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला तर त्याला मार्क म्हणतात, आणि झेलणाऱ्याला निर्वेध फटका मारण्याची संधी मिळते. मुठीने ठोसा देऊन चेंडू पुढे देणे म्हणजे हँडबॉल. एवढे नियम लक्षात ठेवले तरी कारकिर्दीचा तक्ता वाचता येतो.

तक्ता समोर आल्यावर गोलांच्या रकान्याकडे लगेच जाऊ नये. हा खेळाडू मैदानात कोठे उभा राहत होता, हे प्रथम पाहावे. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाची तुलना आपण वेगवान गोलंदाजाच्या बळींशी करत नाही. येथेही तसेच आहे. फुल फॉरवर्ड हा गोलांसमोर उभा राहणारा खेळाडू असल्यामुळे त्याचे मोल गोलांत मोजता येते. उंच रकमन पंचाने हवेत उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेऊन तो आपल्या माणसाकडे वळवतो, आणि मधल्या फळीतला खेळाडू सगळे मैदान पालथे घालतो. या दोघांचे काम गोलांच्या रकान्यात जवळजवळ दिसतच नाही. बचावफळीतल्या खेळाडूचे तर मुळीच दिसत नाही.

फुल फॉरवर्डचे गोल मोजतानाही सामन्यांची संख्या शेजारी लिहावी. टोनी लॉकेट यांनी सेंट किल्डा आणि सिडनी या क्लबांकडून २८१ सामन्यांत १३६० गोल केले आणि १९९९ मध्ये गॉर्डन कोव्हेंट्री यांचा १२९९ गोलांचा विक्रम मोडला. कोव्हेंट्री १९२० ते १९३७ या काळात कॉलिंगवूडकडून ३०६ सामने खेळले होते. आता जॉन कोलमन यांच्याकडे पाहा. एसेंडनकडून १९४९ मध्ये पहिल्याच सामन्यात त्यांनी बारा गोल केले. १९५४ मध्ये गुडघा जायबंदी झाला आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी खेळ संपला. त्यांचे गोल ५३७ आणि सामने फक्त ९८, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ साडेपाच गोल. हॉथॉर्नच्या पीटर हडसन यांचे १२९ सामन्यांत ७२७ गोल आहेत, म्हणजे त्यांची सरासरी कोलमन यांच्याहूनही किंचित वर जाते. एकूण गोलांच्या क्रमाने नावे लिहिली, तर हे दोघे मागे पडतात. हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारे पदक मात्र कोलमन यांच्याच नावाचे आहे, यावरून त्या खेळातले लोक त्यांना कोणत्या पंक्तीला बसवतात ते कळते.

सरासरी काढल्यावर काळ पाहावा. लान्स फ्रँकलिन यांचे ३५४ सामन्यांत १०६६ गोल आहेत, सामन्यामागे तीन. एवढ्यावरून त्यांना कोलमन यांच्याहून कमी ठरवणे चुकीचे होईल, कारण फ्रँकलिन यांच्या काळात संघ सगळेच्या सगळे खेळाडू मागे आणून गोलांसमोर गर्दी करू लागले होते आणि एकाच खेळाडूला चेंडू पुरवत राहण्याची जुनी पद्धत मोडली होती. त्यांनी २००८ मध्ये एका हंगामात ११३ गोल केले, आणि ते निवृत्त झाले त्या २०२३ पर्यंत दुसऱ्या कोणालाही हंगामात शंभरी गाठता आली नव्हती.

सामन्यांच्या संख्येचेही तेच. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हंगामात साधारण अठरा फेऱ्या असत, १९७० पासून त्या बावीस झाल्या. म्हणून कोव्हेंट्री यांचे ३०६ सामने आणि आजच्या खेळाडूचे ३०६ सामने एका तागडीत टाकू नयेत. हॉथॉर्नचे मायकल टक १९७२ ते १९९१ या काळात ४२६ सामने खेळले. त्यांना २०१६ मध्ये नॉर्थ मेलबर्नच्या ब्रेंट हार्वी यांनी मागे टाकले आणि ४३२ सामन्यांवर ते थांबले.

आता ज्या पायरीवर सर्वाधिक चुका होतात, तिच्याकडे यावे: हे आकडे कोणत्या स्पर्धेतले आहेत? आज ज्या राष्ट्रीय स्पर्धेला एएफएल म्हणतात, ती १९९० पूर्वी व्हीएफएल, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याची स्पर्धा होती. पर्थमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाची आणि अॅडलेडमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाची अशा स्वतंत्र, जुन्या आणि दर्जेदार स्पर्धा होत्या. बहुतेक तक्त्यांत मात्र व्हीएफएल आणि एएफएलचेच आकडे असतात. ग्रॅहम फार्मर, ज्यांना सगळे पॉली म्हणत, त्यांच्या नावापुढे अशा तक्त्यात जीलाँगचे १०१ सामने दिसतात. त्याआधीचे ईस्ट पर्थचे १७६ आणि नंतरचे वेस्ट पर्थचे ७९ सामने मिळवले, की बेरीज ३५६ होते आणि चित्र पालटते. नूंगार या आदिवासी समाजातल्या या रकमनने हँडबॉलला नवे स्थान मिळवून दिले. तोपर्यंत अडचणीत सापडलेला खेळाडू सुटका म्हणून हँडबॉल करत असे. फार्मर यांनी त्यातून लांबवर, नेमका आणि धावत्या सहकाऱ्याच्या हाती पडेल असा चेंडू देऊन चढाईला सुरुवात केली. मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू पार करत ते सराव करत, असे सांगितले जाते. जीलाँगला १९६३ चे विजेतेपद मिळाले तेव्हा ते त्या संघात होते, आणि पुढे वेस्ट पर्थचे कर्णधार व प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९६९ आणि १९७१ ची विजेतेपदे मिळवली. १०१ या आकड्यात यातले किती सामावते?

बॅरी रॉब्रन यांच्या बाबतीत तर व्हीएफएलचा तक्ता कोराच आहे. अॅडलेडच्या नॉर्थ अॅडलेड क्लबकडून ते २०१ सामने खेळले, राज्याच्या सर्वोत्तम खेळाडूचे मॅगरी पदक त्यांनी १९६८, १९७० आणि १९७३ असे तीनदा मिळवले, दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून प्रथम श्रेणी क्रिकेटही ते खेळले, पण मेलबर्नच्या क्लबांनी बोलावूनही ते गेले नाहीत. १९७२ मध्ये त्यांच्या नॉर्थ अॅडलेडने व्हीएफएलच्या विजेत्या कार्लटनला राष्ट्रीय लढतीत एका गुणाने हरवले. व्हीएफएलचा एकही सामना न खेळलेल्या या खेळाडूला ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दिग्गजाचा दर्जा आहे. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही कसोटीची टोपी न मिळालेले पद्माकर शिवलकर ज्यांना आठवतात, त्या मराठी वाचकाला रॉब्रन यांची थोरवी उमगण्यास वेळ लागणार नाही. फरक एवढाच की शिवलकरांना बोलावणे आले नाही, आणि रॉब्रन यांनी आलेले बोलावणे स्वीकारले नाही. माझ्या मते रॉब्रन यांच्यावरचे टिपण हाच या अभ्यासाचा उत्तम धडा आहे.

पदकांची किंमत करताना ते कोण देते हे पाहावे. १९२४ पासून दिले जाणारे ब्राउनलो पदक पंचांच्या मतांवर ठरते. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन, दोन आणि एक अशी मते देतात. हे पदक सर्वोत्तम आणि सर्वांत सचोटीच्या खेळाडूसाठी असल्यामुळे हंगामात निलंबन झालेला खेळाडू अपात्र ठरतो. १९९७ मध्ये ख्रिस ग्रँट यांना सर्वाधिक मते मिळाली, पण निलंबनामुळे पदक रॉबर्ट हार्वी यांच्याकडे गेले. ३३२ सामने आणि ९१५ गोल नावावर असलेल्या लेह मॅथ्यूज यांना ब्राउनलो कधीच मिळाले नाही. म्हणून पदक नाही एवढ्यावरून काही ठरवू नये, आणि विजेतेपद नाही यावरूनही नाही. साउथ मेलबर्नच्या बॉब स्किल्टन यांना १९५९, १९६३ आणि १९६८ असे तीनदा ब्राउनलो मिळाले, पण दुबळ्या संघात सारी कारकीर्द गेल्यामुळे विजेतेपद एकदाही लाभले नाही. उलट टक यांच्याकडे सात विजेतेपदे आहेत आणि ब्राउनलो एकही नाही.

क्लब बदलल्याची नोंद वेगळ्या ओळीत करावी, कारण त्या समाजात ती मोठी घटना असते. मुंबईचे वसीम जाफर विदर्भात आले आणि रणजी करंडक दोनदा नागपूरला आला, तेव्हा एका अनुभवी माणसाच्या येण्याने संघ कसा उभा राहतो हे आपण पाहिले आहे. रॉन बरासी यांनी मेलबर्नकडून खेळाडू म्हणून सहा विजेतेपदे मिळवली. १९६४ चा हंगाम संपल्यावर ते कार्लटनला कर्णधार आणि प्रशिक्षक म्हणून गेले, आणि मेलबर्नच्या चाहत्यांना तो घाव फार काळ जाणवला. सुरुवातीला उल्लेखलेल्या १९७० च्या अंतिम सामन्यात कार्लटन मध्यंतराला ४४ गुणांनी मागे होते. बरासी यांनी खेळाडूंना निर्धास्तपणे हँडबॉल करत पुढे जाण्यास सांगितले आणि कार्लटन जिंकले. फार्मर यांनी रुजवलेली गोष्ट येथे दुसऱ्याच्या हातून फळाला आली, म्हणून दोघांची टिपणे शेजारी ठेवावीत.

काही कारकिर्दी तक्त्याबाहेरच्या गोष्टींशिवाय समजत नाहीत. डब्लिनचे जिम स्टाइन्स १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात आले, तोवर ते आयरिश गेलिक फुटबॉल खेळत होते. नव्या खेळात त्यांनी १९९१ चे ब्राउनलो मिळवले आणि सलग २४४ सामने खेळण्याचा विक्रम केला. सेंट किल्डाचे निकी विनमार यांनी १७ एप्रिल १९९३ रोजी वर्णद्वेषी शेरे मारणाऱ्या प्रेक्षकांसमोर जर्सी वर करून आपल्या त्वचेकडे बोट दाखवले. तो क्षण त्यांच्या कोणत्याही गोलापेक्षा अधिक आठवला जातो. आदिवासी समाजातले अॅडम गुड्स ३७२ सामने खेळले, त्यांनी दोन ब्राउनलो पदके आणि दोन विजेतेपदे मिळवली, २०१४ मध्ये ते ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ या राष्ट्रीय सन्मानाचे मानकरी ठरले, आणि पुढच्याच वर्षी मैदानोमैदानी होणाऱ्या वर्णद्वेषी हुर्योमुळे त्यांचा खेळ संपला. एएफएल आणि तिच्या सर्व क्लबांनी २०१९ मध्ये त्यांची माफी मागितली. हॉल ऑफ फेमचा सन्मान मात्र त्यांनी स्वीकारला नाही. दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्या वाचकाला या नकाराचा अर्थ सांगावा लागणार नाही. टिपणात मात्र तो स्पष्टपणे लिहावा, नाहीतर हॉल ऑफ फेमच्या यादीत नाव न दिसल्याने वाचकाचा गैरसमज होतो.

महिलांची राष्ट्रीय स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाली, त्यामुळे तेथील सामन्यांची संख्या पुरुषांच्या शेजारी लिहूच नये. एरिन फिलिप्स यांचे नाव प्रथम घ्यावे: २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचे रौप्य, मग तिशी ओलांडल्यावर वडिलांच्या खेळाकडे वळून २०१७ आणि २०१९ मध्ये स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान.

नावांबाबत दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. गॅरी अॅब्लेट दोन आहेत, वडील आणि मुलगा. १०३१ गोल वडिलांचे, आणि २००९ व २०१३ ची ब्राउनलो पदके मुलाची. क्लबांची नावेही बदलली आहेत: साउथ मेलबर्न १९८२ मध्ये सिडनीला गेले आणि फुटस्क्रे आज वेस्टर्न बुलडॉग्ज म्हणून ओळखले जाते. स्किल्टन यांचे तीन पदकांचे वैभव सिडनीच्या इतिहासात दिसते ते याच कारणाने.

ग्रँड फायनल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, परंपरेने सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी होते. मेलबर्नमध्ये दुपारी अडीचला सुरू होणारा सामना नागपुरात सकाळी दहाला सुरू होतो, म्हणजे तर्री-पोहे आटोपून वही घेऊन बसता येते. पहिल्या सामन्यात सगळ्यांकडे पाहू नये. एकच रकमन निवडावा, चारही भाग त्याच्यावरच नजर ठेवावी, आणि त्याच्या उडीनंतर चेंडू कोणाच्या हाती गेला हे प्रत्येक वेळी लिहावे. सामना संपल्यावर त्याच्या गोलांचा रकाना उघडून ती नोंद शेजारी ठेवावी.