केस इंटरव्ह्यूमधला ‘अंदाज’ कसा बांधायचा

कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना सल्ला देणाऱ्या फर्मच्या मुलाखतीत ‘केस’ देतात: धंद्यातला एखादा प्रश्न समोर ठेवून तो तिथेच सोडवायला लावतात. त्यात ‘पुण्यात रोज टपरीवर किती कप चहा खपतो?’ असा प्रश्न आला, की लगेच आकडा फेकू नका. आधी विचारा: फक्त टपरी, की हॉटेलंही धरायची? मग मिनिटभर वेळ मागून घ्या. तो मिळतो.

कागद आडवा धरा, डावीकडून उजवीकडे प्रश्नाच्या फांद्या पाडा. लोकसंख्या ५० लाख धरू. चहा पिण्याच्या वयाचे ७० टक्के, म्हणजे ३५ लाख. त्यातले ४० टक्के रोज टपरीवर पितात: १४ लाख. माणशी दीड कप, म्हणजे २१ लाख कप. प्रत्येक गृहीतक मोठ्यानं बोला आणि ते का धरलं तेही सांगा. उत्तरापेक्षा हीच गोष्ट जास्त तपासली जाते.

आता उलटा ताळा. एक टपरी दिवसाला ४०० कप विकत असेल, तर ५,२५० टपऱ्या लागतील, साधारण साडेनऊशे माणसांमागे एक. पटतंय? मग पुढे चला. बहुतेक मुलं हा ताळाच गाळतात, आणि शून्याची चूक तिथेच लपून राहते. लाखाचे मिलियन करताना ती हमखास होते. म्हणून शेवटपर्यंत एकच एकक ठेवा.

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत बहुधा मुलाखतकारच पुढचा प्रश्न ठरवतो. बेन, बीसीजी या तशाच कंपन्यांत केस बरीचशी तुम्हालाच पुढे न्यावी लागते. सराव दोन्ही तऱ्हेचा करा, आणि जोडीदारासोबतच. एकट्यानं वाचून बोलण्याची सवय लागत नाही.