गुलामगिरीवर कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

अमेरिकेतील गुलामगिरीवर कादंबरी लिहू पाहणाऱ्यांची हस्तलिखिते संपादक म्हणून माझ्याकडे येतात आणि बहुतेकांत त्याच त्या चुका असतात.

सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे मुक्तीची तारीख गृहीत धरणे. एका हस्तलिखितात केंटकीतल्या मळ्यावर १ जानेवारी १८६३ च्या सकाळी घंटा वाजते, मालक खाली मान घालतो आणि नायिका मुलांना घेऊन फाटकाबाहेर पडते. प्रसंग मन लावून लिहिला होता. पण त्या दिवशीचा लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा यादवी युद्धात फुटून निघालेल्या बंडखोर राज्यांच्या ताब्यातील प्रदेशापुरताच होता आणि केंटकी संघराज्यातच राहिले होते, त्यामुळे तेथील गुलामगिरी डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती अमलात येईपर्यंत कायदेशीर होती. हे कळवल्यावर ‘भावना खरी असली की पुरे, तारखा कोण तपासतो?’ असे उत्तर आले. मला हे अजिबात मान्य नाही, कारण तारखेबरोबर त्या नायिकेपुढचा खरा पेचही हातचा गेला होता.

केंटकीतील पुरुषांना १८६४ मध्ये संघराज्याच्या सैन्यात भरती होऊन सुटका मिळवता येत होती, बायकामुलांना मात्र नाही. त्या नोव्हेंबरात कॅम्प नेल्सन या केंटकीतल्या लष्करी छावणीतून सुमारे ४०० बायकामुलांना कडाक्याच्या थंडीत हाकलून देण्यात आले आणि त्यांतील शंभराहून अधिक जण दगावले. जोसेफ मिलर या सैनिकाने शपथेवर दिलेली जबानी उपलब्ध आहे: आजारी मुलाला बाहेर काढू नका अशी विनवणी त्याने केली, ती कोणी ऐकली नाही, मूल त्याच दिवशी गेले आणि बापाने स्वतः खड्डा खणून त्याला पुरले. सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त करणारा कायदा मार्च १८६५ मध्ये झाला. एवढे सगळे समोर असताना घंटा कशाला वाजवायची?

दुसरी चूक नोंदींतील रिकाम्या जागेची. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव असते. गुलामांचे बहुतेक ठिकाणी केवळ वय, लिंग आणि वर्ण. नवखा लेखक हे पाहतो आणि लगेच मनाला येईल ते रचू लागतो, पण कल्पनेचा अधिकार कागद वाचून संपल्यावरच सुरू होतो, असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः आधी फरारी गुलामांच्या जाहिराती काढून बसते. पळालेला माणूस सापडावा म्हणून मालकच त्याच्या अंगावरचे व्रण, बोलण्याची ढब आणि येत असलेली कारागिरी बारकाईने लिहितो आणि पुष्कळदा ‘बायकोकडे गेला असावा’ असेही नोंदवतो. पात्र तिथेच उभे राहते.

रजयांवर शिवलेल्या खुणांवरून पळणाऱ्यांना वाट कळे, ही लोकप्रिय गोष्ट वापरू नका. त्या काळातील पुराव्यांचा तिला आधार नाही. दयाळू मालकाला नायक करू नका. प्रत्येक प्रकरणात चाबूक आणू नका. घरातले माणूस विकले जाण्याची भीती रोजची होती, ती लिहा.

आणि सगळीकडे कापूस पेरू नका. आफ्रिकेतून जहाजांत कोंबलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांपैकी थेट उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर उतरलेली जेमतेम चार लाख होती. बहुतेकांना ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर नेण्यात आले आणि तिथे उसाचे राज्य होते. कथा तिथली असेल, तर उसाची तोडणी, रात्रभर चालणारे चरक आणि उकळत्या रसाच्या कढया यांची माहिती आधी मिळवा.