परदेशात झालेला घटस्फोट साताऱ्या-सांगलीच्या कोर्टात मान्य करून कसा घ्यावा

लग्न कराडला, संसार न्यू जर्सीत आणि घटस्फोटही तिथल्याच कोर्टाचा. हा हुकूमनामा (कोर्टाच्या निकालाचा अधिकृत कागद, डिक्री) घेऊन गावी येणाऱ्याची समजूत असते की इथल्या कोर्टात अर्ज दिला की त्यावर मान्यतेचा शिक्का मिळतो. असा शिक्का आपल्या कायद्यात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार परदेशी कोर्टाचा निकाल सहा अपवाद सोडून पक्षकारांवर बंधनकारक असतो. तुमचा हुकूमनामा या अपवादांत अडकत नसेल तर तो आजही इथे चालतो. कोणी तो मानायला नकार दिला, दुसऱ्या लग्नाला हरकत घेतली किंवा जमिनीच्या वारसनोंदीत 'लग्न अजून आहे' असा वाद काढला, तर कोर्टात जाऊन तसे जाहीर करून घ्यावे लागते. पुढचे सगळे हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नांबद्दल आहे.

आधी हुकूमनामा नीट वाचा

वकिलाकडे जाण्याआधी हुकूमनाम्यात दोन गोष्टी शोधा: घटस्फोट कोणत्या कारणावर दिला आणि दुसरी बाजू हजर होती का. कलम १३ चे अपवाद घटस्फोटाला कसे लावायचे याचा १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने वाय. नरसिंह राव खटल्यात घालून दिलेला नियम असा: परदेशी कोर्टाचा अधिकार आणि घटस्फोटाचे कारण, दोन्ही ज्या कायद्याखाली लग्न झाले त्या कायद्यात बसले पाहिजे. याला तीन सवलती आहेत. जाबदार (ज्याच्याविरुद्ध अर्ज केला तो) त्या देशात कायमचा राहत होता आणि कारणही आपल्या कायद्यातले आहे. किंवा जाबदार स्वखुशीने हजर होऊन आपल्या कायद्यातल्या कारणावर गुणदोषावर लढला. किंवा जाबदाराने घटस्फोटाला संमती दिली.

बहुतेक हुकूमनामे कारणापाशी अडतात. न्यू जर्सीत 'न मिटणारे मतभेद' एवढ्यावर घटस्फोट मिळतो. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून 'विवाह कायमचा मोडला आहे' हे निवेदन पुरते. ही कारणे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये नाहीत. म्हणून हुकूमनाम्यात 'जाबदाराला टपालाने नोटीस पाठवली, ती हजर झाली नाही, एकतर्फी निकाल' असे लिहिले असेल आणि ती तेव्हा सांगलीत माहेरी होती, तर तो इथे टिकण्याची आशा फार कमी. 'या कोर्टाला अधिकार नाही' एवढेच तिने तिथे कळवले असेल तर त्यालाही हजर होऊन लढणे म्हणत नाहीत. हा नियम कडक वाटेल, पण नवऱ्याने परदेशी जाऊन परस्पर घटस्फोट घ्यायचा आणि बायकोने इथे टपालाची वाट बघायची, हा प्रकार त्यानेच थांबवला, आणि ते योग्यच झाले.

याउलट दोघांच्या सह्यांचा तडजोडनामा असेल, दोघांचे वकील हजर असतील, ठरलेली रक्कम घेतल्याच्या पावत्या असतील, तर तुमची बाजू भक्कम आहे. संमतीचा हा कागद कारणाची उणीव भरून काढतो, म्हणून तो हुकूमनाम्याइतकाच जपा.

इंग्लंडचा हुकूमनामा असेल तर आणखी एक खात्री करा. तिथे आधी सशर्त आदेश होतो आणि किमान ६ आठवडे १ दिवसाने अंतिम आदेश. अनेकजण पहिलाच कागद घेऊन येतात. त्याने लग्न मोडत नाही.

कागद कसे आणायचे

घरच्या प्रिंटरवर काढलेली प्रत चालत नाही. नरसिंह राव खटल्यातच झेरॉक्स प्रत पुराव्यात धरली गेली नव्हती. परदेशातल्या कोर्टाच्या कार्यालयातून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. सोबत तडजोडनामा, नोटीस बजावल्याचा पुरावा आणि प्रकरणाचा रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद) यांच्याही नकला घ्या. मग या नकलांवर अपोस्टिल (सही-शिक्का खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला) घ्या: अमेरिकेत त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयातून, ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याच्या लिगलायझेशन ऑफिसातून. कॅनडात ही सोय ११ जानेवारी २०२४ पासून आहे. दुबई-अबुधाबीचा हुकूमनामा असेल तर अपोस्टिल नाही. तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग भारतीय वकिलातीचा शिक्का लागतो.

इथे एक चूक फार होते. लोक झेरॉक्सवर नोटरीची सही घेतात आणि त्यावर अपोस्टिल लावून आणतात. त्या अपोस्टिलने फक्त नोटरीची सही खरी ठरते, कोर्टाची नाही. अपोस्टिलचा मजकूर वाचा: 'सही कोणाची' या रकान्यात कोर्टाच्या लिपिकाचे किंवा अधिकाऱ्याचे नाव हवे. आपल्या पुरावा कायद्यात परदेशी न्यायालयीन नकलेसाठी भारत सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीच्या दाखल्याचीही तरतूद आहे. म्हणून शक्य असेल तर वकिलातीचाही दाखला घ्या, म्हणजे समोरच्या वकिलाला हरकतीला जागा उरत नाही.

हुकूमनामा जर्मन किंवा अरबीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. लग्नाचा दाखला ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून ताजा काढून घ्या. जुन्या दाखल्यात नावाचे स्पेलिंग वेगळे असेल तर आत्ताच प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

कुठे आणि काय दाखल करायचे

वैवाहिक दर्जा (लग्न आहे की संपले) जाहीर करून मागण्याचे काम कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ खाली येते. तुमचा तालुका कुटुंब न्यायालयाच्या हद्दीत असेल तर तिथेच अर्ज. नसेल तर दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर यांच्याकडे विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ३४ खाली दावा. हद्द कुठवर आहे हे दाखल करण्याआधी कोर्टाच्या कार्यालयात विचारून घ्या, नाहीतर काही तारखा गेल्यावर अर्ज परत मिळतो. कुटुंब न्यायालयात वकील हक्काने उभा राहत नाही, परवानगीचा अर्ज सोबत द्यावा लागतो.

विनंतीचा परिच्छेद साधारण असा असावा: 'अर्जदार व जाबदार यांचा कराड येथे झालेला विवाह अमुक न्यायालयाच्या अमुक तारखेच्या हुकूमनाम्याने संपुष्टात आला असून, सदर हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ अन्वये निर्णायक व उभयतांवर बंधनकारक आहे, असे जाहीर होऊन मिळावे.'

कलम ३४ च्या दाव्यात तुमचा दर्जा कोण नाकारतो हे सांगावे लागते. बँकेचे, सोसायटीचे किंवा कार्यालयाचे नकाराचे पत्र असेल तर तेच दाव्याचे कारण, ते जोडा. मुदत ३ वर्षांची आहे आणि ती दावा करण्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाल्यापासून मोजतात, त्यामुळे असे पत्र खिशात ठेवून बसू नका.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर थांबा. ते कलम पैशांच्या हुकूमनाम्यांसाठी आणि ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात अशा अधिसूचित देशांपुरते आहे. त्याखाली लग्नाच्या दर्जाची अंमलबजावणी होत नाही आणि अमेरिका त्या यादीतच नाही.

परदेशातून काम चालवताना

मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा नोटरी व अपोस्टिलसह करा. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. हे राहून गेले तर कागद पुराव्यात घेऊन त्यावर निशाणी (क्रमांक) पडायच्या वेळी हरकत येते. मुखत्यार कागद दाखल करू शकतो, तारखा सांभाळू शकतो, पण तुमच्या संसारातल्या गोष्टींची साक्ष तुमच्याऐवजी भाऊ किंवा वडील देऊ शकत नाहीत. साक्षीसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा अर्ज वेळेत द्या.

समोरची व्यक्ती हेग करारातल्या (परदेशात समन्स बजावण्याचा आंतरराष्ट्रीय करार) देशात असेल तर समन्स त्या करारानुसार कायदा मंत्रालयामार्फत जाते आणि त्यात महिनोन् महिने जातात. ती तयार असेल तर तिचे वकीलपत्र आणि 'हुकूमनामा मान्य आहे' अशी कैफियत (लेखी म्हणणे) किंवा पुरशिस (कोर्टात द्यायचे छोटे लेखी निवेदन) घ्या. तरीही कोर्ट कागद तपासणारच.

हुकूमनामा टिकणारा नसेल तर

दोघे आता घटस्फोटाला तयार असतील तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली परस्पर संमतीचा घटस्फोट इथेच घ्यावा. दर्जा जाहीर करून घेण्याच्या वादापेक्षा तो बहुधा लवकर होतो. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, आणि दोन अर्जांमधले ६ महिने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे योग्य प्रकरणात माफ होतात. संमती नसेल तर एकाच अर्जात आधी हुकूमनामा बंधनकारक असल्याचे जाहीर करणे आणि ते नाकारले गेल्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली घटस्फोट, अशी पर्यायी मागणी करता येते का हे वकिलाकडून तपासून घ्या. नुसता घटस्फोट मागितला तर लग्न अजून आहे असे तुम्हीच कबूल केल्यासारखे होते.

मुलांचा ताबा या सगळ्यापासून वेगळा आहे. परदेशी कोर्टाचा ताब्याचा आदेश इथले कोर्ट विचारात घेते, पण निर्णय मुलाच्या हिताचा स्वतंत्र विचार करूनच देते.

निकाल लागल्यावर नक्कल विभागातून तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच मागा. कुटुंब न्यायालयाच्या निकालावरचे अपील मुंबई उच्च न्यायालयाकडे जाते. सातारा-सांगलीसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे, मुंबईची खेप वाचते. अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नका. पहिले लग्न कायद्याने उभे असताना केलेले दुसरे लग्न भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे.