वाफेच्या इंजिनाचा जीर्णोद्धार: आधी साल ठरवा, मग पाना उचला

जुने वाफेचे इंजिन पुन्हा चालते करायला घेतले की सर्वांत आधी ठरवावे लागते ते साल. हे इंजिन आपण कोणत्या वर्षीचे म्हणून उभे करणार? तीस-चाळीस वर्षे सेवेत राहिलेले कोणतेही इंजिन कारखान्यातून निघाले तसे उरत नाही. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे प्रसिद्ध ब्रिटिश इंजिन १९२३ साली इंग्लंडमधील डॉनकास्टरला ए-१ वर्गाचे म्हणून बांधले गेले, १९४७ मध्ये फेरबदल होऊन ते ए-३ वर्गाचे झाले आणि त्यानंतर त्याला दुहेरी धुराडे आणि धूर वर लोटणारे पत्रे बसले. लोकांना आठवतो आणि आवडतो तो त्याचा जुना फिकट हिरवा रंग. मात्र जतनाच्या काळात तो रंग दुहेरी धुराड्यासोबत लावला गेला, तेव्हा जे रूप तयार झाले ते या इंजिनाला नित्याच्या सेवेत असताना कधीच नव्हते. २०१६ मध्ये ते पुन्हा रुळावर आले ते ६०१०३ या क्रमांकाने आणि ब्रिटिश रेल्वेच्या गडद हिरव्या रंगात, म्हणजे अंगावरच्या भागांशी जुळणाऱ्या काळात. माझ्या मते तोच मार्ग बरोबर होता, मग पाहणारे थोडे हिरमुसले तरी चालेल.

साल ठरवायचे तर पुरावा लागतो आणि तो धुऊन टाकणे फार सोपे असते. म्हणून साफसफाई करण्यापूर्वी प्रत्येक बाजूची छायाचित्रे घ्यावीत, मापे नोंदवावीत आणि जोडदांडे, चाके, ॲक्सलबॉक्स (चाकांच्या आसाचे बेअरिंग बसवलेली पेटी) यांवर ठोकलेले क्रमांक उतरवून घ्यावेत. एका इंजिनाच्या दांड्यावर दुसऱ्याच इंजिनाचा क्रमांक सापडला तर दचकू नये, कारखान्यात भाग अदलून-बदलून बसवले जात. बॉयलरच्या दुरुस्तीला सांगाड्याच्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागे, म्हणून मोठे कारखाने जादा बॉयलर तयार ठेवत आणि हाताशी येईल तो बसवत. त्यामुळे ‘मूळ बॉयलर’ शोधण्याचा हट्ट पुष्कळदा निरर्थक ठरतो. भागांची अदलाबदल हीच त्या इंजिनाची खरी हकिगत असते आणि ती तशीच नोंदवावी.

रंगाच्या बाबतीत घाई सर्वांत महागात पडते, कारण वाळूच्या फवाऱ्याने शंभर वर्षांचे थर एका दुपारी उडून जातात. आडोशाच्या चार-सहा जागा निवडून तिथे बारीक पॉलिश कागदाने थर पायरीपायरीने उघडे करावेत, म्हणजे वर्तुळात वर्तुळ असे सगळे रंग एकत्र दिसतात. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी, तेव्हा आधी नमुना तपासून घ्यावा. बॉयलरवरच्या पत्र्याखालील उष्णतारोधक थरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो काढण्याचे काम प्रशिक्षित पथकाकडेच द्यावे. स्वतः खरवडू नये.

यानंतर येतो सगळ्यात अवघड निर्णय: इंजिन चालवायचे की नुसते जपायचे? चालणारे इंजिन स्वतःला झिजवतच चालते. नळ्या, बेअरिंग, चाकांचे पोलादी टायर, भट्टीचे पत्रे हे सगळे कधी ना कधी बदलावे लागतात. आपल्या जातीचे ते शेवटचे उरलेले असेल आणि त्यातील जुना धातू बराचसा शाबूत असेल, तर त्यात विस्तव पेटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १८२९ चे ‘रॉकेट’ हे अगदी सुरुवातीचे रेल्वे इंजिन बांधणीनंतर लवकरच बदलले गेले होते आणि त्याचे तिरके सिलिंडर जवळजवळ आडवे झाले होते. मूळ इंजिन त्याच बदललेल्या अवस्थेत संग्रहालयात राहिले आणि १८२९ चे रूप दाखवायला १९७९ मध्ये चालती प्रतिकृती बांधली गेली. याहून नेमकी वाटणी मला सुचत नाही.

चालवायचेच ठरले तर बहुतेक वेळ आणि पैसा बॉयलर खाणार हे धरून चालावे. नळ्या काढून आतील राख आणि क्षार साफ करावेत, पत्र्यांवर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत ध्वनिलहरींच्या यंत्राने जाडी मोजावी. भट्टीचे आतले आणि बाहेरचे पत्रे जोडून धरणाऱ्या स्टेवर हातोडीने हलके ठोकून पाहावे. तुटलेला स्टे बद्द वाजतो. भट्टीच्या तळाचे कोपरे विशेष तपासावेत, कारण गाळ तिथेच साचतो आणि पत्रा तिथेच गंजून झिजतो. दाबाची पहिली चाचणी पाण्याने करतात, कारण पाणी दाबले जात नसल्याने फट पडली तरी ते वाफेसारखे उसळून फुटत नाही. वाफेची चाचणी त्यानंतर, बॉयलर निरीक्षकासमोर.

इथे अस्सलपणापुढे सुरक्षिततेचा मान पहिला. १९९५ मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गजवळ एका पर्यटन गाडीच्या इंजिनात पाणी कमी पडले, भट्टीचे छत उघडे पडून तापले आणि खचले, आणि तीन कर्मचारी भाजले. पुढे तिथले नियम बदलले. आता १,४७२ सेवा-दिवस किंवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासावा लागतो. (‘फ्लाइंग स्कॉट्समन’चा पहिला क्रमांकही १४७२ होता. हा निव्वळ योगायोग.)

मग बॉयलरचे पत्रे जोडायला रिव्हेट (दोन्ही टोकांना डोके असलेली ठोकून बसवलेली खीळ) की वेल्डिंग? २००८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘टॉर्नेडो’ या नव्या इंजिनाचा बॉयलर जर्मनीतील मायनिंगेन येथे संपूर्ण वेल्डिंगने बनवला गेला, जरी त्याच्या पूर्वजांचे बॉयलर रिव्हेटचे होते. त्यात खोटेपणा काही नाही, कारण ते इंजिन स्वतःला नवेच म्हणवते. जुन्या बॉयलरला मात्र, निरीक्षक परवानगी देत असेल तर, रिव्हेटची जागा रिव्हेटनेच भरावी. वेल्डिंग करावेच लागले तर ते दिसू द्यावे. त्यावर रिव्हेटची शोभेची डोकी चिकटवणे म्हणजे पाहणाऱ्याला फसवणे होय.

यांत्रिक भागांत शक्य तिथे बदलण्याऐवजी डागडुजी करावी. झिजलेल्या सिलिंडरला आतून नवी बाही (नळीसारखे अस्तर) बसते, बेअरिंगमध्ये पांढरा धातू (मऊ मिश्रधातू) पुन्हा ओतता येतो आणि चाकाचा टायर तापवून फुगवला की चाकावर चढतो व थंड होताना आवळून बसतो. नव्या भागावर सहज न दिसणाऱ्या जागी साल ठोकावे. काढलेला भाग चिठ्ठी बांधून ठेवावा, भंगारात देऊ नये. आधुनिक ब्रेक किंवा इशारा देणारी उपकरणे बसवणे भाग असेल, तर ती जुन्या पत्र्याला भोक न पाडता, सुट्या कंसांवर आणि उद्या काढता येतील अशी बसवावीत. इंधन बदलले तर तसे फलकावर लिहावे. २०१९ मध्ये पुन्हा धावलेले ‘बिग बॉय’ ४०१४ हे अवाढव्य अमेरिकी इंजिन कोळशावरून तेलावर आणले गेले, आणि ही गोष्ट कोणी लपवली नाही.

पहिला विस्तव लहान ठेवावा आणि वाफ भरायला एक पूर्ण दिवस द्यावा, म्हणजे पत्रे सारखे फुगतात आणि नळ्यांच्या तोंडांशी ताण येत नाही. मग डबे न जोडता काही किलोमीटर जावे, थांबावे आणि प्रत्येक ॲक्सलबॉक्सजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहावी. एखादा इतरांपेक्षा जास्त तापलेला वाटला तर त्या दिवसाचे काम तिथेच थांबवून तो उघडावा आणि काय सापडले ते इंजिनाच्या वहीत तारखेसह लिहावे.