एलएमआयए कितीला मिळतो, हा प्रश्नच विचारू नका

गेली बरीच वर्षं मी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात राहते. मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला नवीन मुलंमुली भेटतात. कोणी पुण्याहून थेट आलेलं असतं, कोणी इथे कॉलेज संपवून पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिटचे शेवटचे महिने मोजत असतं. थोडी ओळख झाली की हळूच विचारतात, "काकू, एलएमआयए सध्या कितीला मिळतो?" उत्तर एकच आहे. तुम्हाला तो फुकट मिळायला हवा. कोणी एक डॉलर जरी मागितला तरी तिथून उठा.

एलएमआयए म्हणजे लेबर मार्केट इम्पॅक्ट असेसमेंट, ही सरकारने मालकाला दिलेली परवानगी असते. या कामाला मला कॅनडाचा नागरिक किंवा पीआरवाला, म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी असलेला, माणूस मिळत नाही, बाहेरचा घेऊ द्या, असा अर्ज मालक सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयाकडे करतो. अर्ज त्याचा, जबाबदारी त्याची आणि फीही त्याचीच. ही फी दर जागेमागे १,००० डॉलर आहे. ती कामगाराकडून कुठल्याही मार्गाने वसूल करायची नाही, असा नियम आहे. पगारातून कापून नाही, 'ट्रेनिंग'च्या नावाने नाही, एजंटमार्फतही नाही. तुमचं काम त्यानंतर सुरू होतं. मंजुरीचं पत्र जोडून तुम्ही आयआरसीसीकडे, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडे, वर्क परमिटचा अर्ज करायचा. त्याचे १५५ डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५ हा तुमचा खर्च.

परवानगीसाठी मालकाला काय काय करावं लागतं हे तुम्हाला माहीत हवं. ते माहीत असलं की समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय हे कळतं. जॉब बँक या सरकारी नोकऱ्यांच्या वेबसाइटवर आणि आणखी दोन ठिकाणी निदान चार आठवडे जाहिरात द्यावी लागते. आलेल्या अर्जांचं काय केलं, इथल्या माणसांना का नाकारलं, ते लिहून द्यावं लागतं. त्या भागात त्या कामाला चालू असलेला पगार द्यावा लागतो. धंदा खरा आहे, पगार देण्याची ऐपत आहे, हे कागदांनी दाखवावं लागतं. पूर्वी यासाठी वकील किंवा अकाउंटंटचं पत्र चालायचं, ते ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बंद झालं. तेव्हा "आठ दिवसांत काढून देतो" म्हणणाऱ्याला फक्त एवढंच विचारा, जॉब बँकेवरची जाहिरात कुठे आहे? खऱ्या मालकाला ती दाखवायला अर्धा मिनिट लागतं.

पगार प्रांताच्या ठरलेल्या रेषेच्या वर आहे की खाली, यावर सगळं फिरतं. ही रेषा मध्यम वेतनाच्या २० टक्के वर धरतात. ऑन्टारिओत ती जून २०२५ मध्ये ताशी ३६ डॉलर झाली. रेस्टॉरंट, दुकान, गोदाम यांतली कामं बहुतेक रेषेखालचीच. तिथे २०२४ च्या सप्टेंबरपासून फार कडक झालंय. ज्या महानगरात बेकारी ६ टक्के किंवा जास्त आहे, तिथले रेषेखालचे अर्ज सरकार तपासायलाच घेत नाही. शेती, बांधकाम, अन्नप्रक्रिया, आरोग्यसेवा अशा थोड्या क्षेत्रांना सूट आहे. अशा महानगरांची यादी दर तीन महिन्यांनी बदलते. टोरंटो २०२४ मध्येही तिच्यात होतं, २०२५ मध्येही, आणि ब्रॅम्प्टन, मिसिसागा टोरंटोतच मोजतात. शिवाय बहुतेक ठिकाणी एकूण कामगारांपैकी असे परदेशी १० टक्क्यांवर ठेवता येत नाहीत आणि मंजुरी एकाच वर्षाची मिळते.

यातून अलीकडे एक नवा प्रकार निघालाय. दलाल उत्तरेकडच्या एखाद्या छोट्या गावातल्या दुकानाचा एलएमआयए देतो आणि सांगतो, "कागदावर तिकडे, काम इथेच ब्रॅम्प्टनमध्ये कर, कोण बघतंय?" हे कोणी सांगितलं तर माझी हात जोडून विनंती आहे, ऐकू नका. असा परमिट क्लोज्ड, म्हणजे एकाच मालकाला बांधलेला असतो; त्यावर मालकाचं नाव, काम आणि ठिकाण छापलेलं असतं. त्याच मालकाच्या दुसऱ्या शहरातल्या दुकानात उभं राहिलात तरी अटी मोडल्या. मालकाला दंड होईल तेव्हा होईल, तुमचं पुढचं प्रत्येक अर्जाचं पान मात्र त्या दिवसापासून डागाळलं.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते. सांगलीकडचा एक मुलगा, आमच्या ओळखीतला. वडिलांनी जमिनीचा तुकडा विकून पैसे पाठवले आणि याने तीस हजार डॉलर मोजून एलएमआयए घेतला. हाताला लागलं एका किचनमधलं काम. एका रविवारी तो सगळे कागद घेऊन आमच्याकडे आला, जेवणाच्या टेबलावर आम्ही पे-स्टब ओळीने मांडले. कागद बघाल तर सगळं चोख. ताशी दर एलएमआयएत लिहिला होता तोच, आठवड्याचे चाळीस तास, सीपीपी (पेन्शन) आणि ईआय (बेकारी विमा) कापलेलं. दर दुसऱ्या शुक्रवारी पगार बँकेत जमा. आणि शनिवारी सकाळी त्यातले निम्मे काढून मालकाला रोख द्यायचे. मालकाने भरायचा सीपीपीचा वाटासुद्धा त्या रोख पैशांत धरलेला. म्हणजे जो पगार खिशात आलाच नाही त्यावरचा इन्कम टॅक्सही पोराने भरला. तास चाळीस नव्हे, साठ. बोलला की मालक म्हणायचा, "तुझा परमिट माझ्या हातात आहे."

हे त्याने मुकाट्याने सोसलं, कारण घरी काय सांगणार? आणि आपल्याच लोकांनी त्याला गप्प राहायला सांगितलं. मला या गोष्टीचा मनापासून संताप येतो. मंडळात पुढच्या रांगेत बसणारी, स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी पॉइंटवर सरळ पीआर घेऊन आलेली माणसं नवीन पोरांना सांगतात, "सगळेच देतात, दोन वर्षं काढ, पीआर मिळाला की विसरून जाशील." पीआर मिळाला नाही. एलएमआयएच्या नोकरीमुळे एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरसाठी गुणांवर होणाऱ्या निवडीत, जे ५० किंवा २०० गुण मिळायचे, ते सरकारने २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले. त्या गुणांसाठीच तर हा बाजार भरत होता. आजही कोणी "दोनशे पॉइंट पक्के" म्हणून विकत असेल तर तो सरळ लुबाडतोय.

दिलेले पैसे जातात हे तर झालंच, पण नोकरीच खोटी निघाली तर ते खोटी माहिती देण्याच्या कलमात बसतं, इमिग्रेशन कायद्याच्या ४० व्या. मग पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. "मला एजंटने सांगितलं" ही सबब तिथे चालत नाही, कारण अर्जाखाली सही तुमची असते.

या देशाचंही काही चुकतंय, ते सांगायला मला संकोच नाही. माणसाला एकाच मालकाला बांधून ठेवलं की असंच होणार. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता २०२३ मध्ये इथे येऊन गेले. त्यांच्या अहवालात या तात्पुरत्या कामगारांच्या योजनेला आधुनिक गुलामीला पोसणारी जमीन म्हटलंय. तरी क्लोज्ड परमिट चालूच आहे.

पण याच देशाने सुटकेची एक वाट ठेवली आहे, आणि ती आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. २०१९ च्या जूनपासून छळ होत असलेल्या कामगारांसाठी ओपन वर्क परमिट, म्हणजे एकाच मालकाला न बांधलेला, मिळतो. त्याला फी नाही. मारहाणच व्हायला हवी असं नाही. पगार परत घेणं, पैसे उकळणं, परमिटची धमकी देणं हाही छळच धरतात. मात्र अर्ज करताना तुम्ही कॅनडात हवेत आणि तुमचा क्लोज्ड परमिट चालू हवा. आमच्या त्या मुलाने परमिट संपेपर्यंत वाट पाहिली आणि हीच वाट बुजवून घेतली. तुम्ही थांबू नका. शनिवारी रोख पैसे मागणारा मेसेज आला की स्क्रीनशॉट काढा. कामाचे खरे तास रोज वहीत लिहा. बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद जपा. पासपोर्ट मालकाकडे किंवा एजंटकडे कधीही ठेवायला देऊ नका. ऑन्टारिओत तो ठेवून घेणं बेकायदा आहे. भरती करणाऱ्याने तुमच्याकडून फी घेणंही बेकायदा आहे, आणि ती परत मिळवायला प्रांताच्या कामगार मंत्रालयाकडे साडेतीन वर्षांच्या आत दावा करता येतो.

कामाचा करार पहिल्या दिवसापर्यंत दोघांच्या सहीने तुमच्या हातात यायलाच हवा. सप्टेंबर २०२२ पासून ती मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. रेषेखालच्या नोकरीत येण्याजाण्याचं विमानभाडंही मालकाचं. हे त्याला आठवण करून द्यायला लाजू नका.

आयटीवाल्यांचं थोडक्यात. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून कॅनडाच्या ऑफिसात बदली होत असेल तर बहुतेक वेळा एलएमआयए लागत नाही. कंपनी आयआरसीसीच्या एम्प्लॉयर पोर्टलवर ऑफर टाकून २३० डॉलर भरते. नवीन कंपनी घेत असेल तर ग्लोबल टॅलेंट स्ट्रीम (एलएमआयएचाच एक प्रकार) आहे का विचारा, तिथे जाहिरातीची अट नाही.

सल्लागार गाठायचाच असेल तर त्याचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत स्वतः शोधा, वकील असेल तर लॉ सोसायटीच्या. त्याने पाठवलेल्या लिंकवर नाही, स्वतः. मालकाचं नावही आयआरसीसीच्या नियम मोडलेल्या मालकांच्या यादीत टाकून बघा. दंड किती, बंदी किती वर्षांची, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

आणि तारखा. मंजुरीचं पत्र मे २०२४ पासून सहाच महिने चालतं, तेवढ्यात परमिटचा अर्ज गेला पाहिजे. नूतनीकरणासाठी मालकाला पुन्हा जाहिरातीपासून सुरुवात करावी लागते, म्हणून परमिट संपायच्या सहा महिने आधी त्याला ईमेलने विचारा, तोंडी नको. परमिट संपायच्या आत तुमचा अर्ज गेला तर निकाल येईपर्यंत त्याच अटींवर काम चालू ठेवता येतं. एक दिवस उशीर झाला तर काम थांबवावं लागतं, आणि दर्जा परत मिळवायला ९० दिवस उरतात.