गाणे शिकवणाऱ्याने स्वतःचा षड्ज कसा राखावा

संगीताचे वर्ग घेणाऱ्याचा गळा गाण्याइतकाच बोलण्याने थकतो, हे लक्षात यायला बहुतेकांना काही वर्षे जावी लागतात. मराठवाड्यात त्यात उन्हाची भर पडते: गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांचे एक सत्र एप्रिल-मेमध्ये येते आणि नेमका तेव्हाच परभणी-नांदेडचा पारा 42 अंशांपर्यंत चढलेला असतो. खोलीत कूलर घरघरत असला की त्यावर मात करायला आपण नकळत आवाज चढवतो. म्हणून उन्हाळी वर्ग सकाळी नऊच्या आत आटोपावेत. दुपारी घ्यावेच लागले, तर खोली आधी गार करून शिकवताना कूलर बंद ठेवावा. तानपुऱ्याशी भांडणारा त्याचा बेसूर षड्ज (सा) मुलांच्या कानांनाही बिघडवतो, ते वेगळेच.

पट्टीकडे, म्हणजे आपला ‘सा’ ज्या उंचीवर धरतो तिकडे, त्याहून अधिक लक्ष द्यावे. पुरुष शिक्षकाची पट्टी पेटीवरच्या काळी एकच्या आसपास आणि मुलांची त्याहून बरीच उंच, काळी चार-पाच, अशा वर्गात त्यांच्या पट्टीत तासन्‌तास गाऊन दाखवणे म्हणजे गळ्यावर जुलूमच. भजनी मंडळांत वाढलेली मुले तर टिपेला सहज जातात आणि गुरुजींनाही तिकडे ओढतात. अशा वेळी जागा, म्हणजे शिकवायचा स्वरांचा तुकडा, एकदाच गाऊन दाखवावी, पुढे पेटीवर स्वर द्यावेत आणि तयार विद्यार्थ्याला पुढाकार द्यावा. मुले गात असताना त्यांच्याबरोबर मुळीच गाऊ नये; गप्प बसल्यावरच कोणाचा गंधार उतरतो ते कळते.

पहिल्या वर्गाआधीची वीस मिनिटे मात्र स्वतःसाठी असावीत. खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, हलक्या आवाजात एकेक स्वर श्वास संपेपर्यंत लांबवावा. उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूद्वारे हृदयाची गती मंदावते आणि मनाची घाई उतरते. खर्जाच्या साधनेने येणाऱ्या शांततेत या श्वासाचा मोठा वाटा असतो. यावेळी शिकवण्यातला राग घेऊ नये, नाहीतर मनात पुन्हा परीक्षेचा अभ्यासक्रमच सुरू होतो.

घसा बसल्यास कुजबुजून शिकवणे ही विश्रांती नव्हे, कारण त्यानेही स्वरतंतूंवर ताण येऊ शकतो. त्या दिवशी फळ्यावर स्वरलिपी लिहून द्यावी. आवाज तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही, तर ज्येष्ठमध चघळत बसू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्यावेत, आणि आपण दिवसाला किती तास शिकवतो हेही त्यांना सांगावे.