ओळी वाढल्या तरी बेरीज चुकू नये म्हणून

मंडळाच्या वर्गणीचा हिशोब मी एक्सेलमध्ये ठेवतो. एका वर्षी तीस पावत्या लिहून झाल्या आणि खाली बेरीज घातली: =सम(सी२:सी३१). मग बेरजेच्या वर पाच ओळी घालून ५०१ रुपयांच्या पाच पावत्या दुसऱ्या फाइलमधून पेस्ट केल्या. बेरीज हलली नाही. रोख मोजली तर २,५०५ रुपये जास्त! हाताने टाइप केलं तर एक्सेल कधी कधी रेंज वाढवून घेतं, पण त्या भरवशावर लोकांच्या पैशाचा हिशोब ठेवू नये.

यावरचा सरळ उपाय म्हणजे टेबल. एक्सेल २००७ पासून ही सोय आहे.

आधी खालची बेरीज काढून टाका. मधल्या रिकाम्या ओळीही काढा, नाहीतर टेबल तिथेच तुटतं. यादीतल्या कुठल्याही सेलवर क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा. पहिल्या ओळीत शीर्षकं असतील तर चौकटीतली तशी खूण राहू द्या आणि ओके करा. मग टेबल डिझाइनमध्ये डावीकडे टेबलला नाव द्या, समजा 'वर्गणी'. नावात मोकळी जागा चालत नाही.

आता बेरीज बाजूच्या कॉलममध्ये किंवा वेगळ्या शीटवर लिहा: =सम(वर्गणी[रक्कम]). चौकोनी कंसात रकमेच्या कॉलमचं शीर्षक येतं. (इथे सगळं देवनागरीत दिलंय, फंक्शनची नावं आणि सेलचे पत्ते मात्र इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.) शेवटच्या ओळीखाली नवी पावती लिहा किंवा पेस्ट करा, टेबल तिला आत घेतं आणि बेरीज लगेच बदलते. टेबलवरून काढलेला चार्टही वाढतो. पिव्होट टेबल (यादीचा गटवार गोषवारा) मात्र बहुतेक आवृत्त्यांत रिफ्रेश करावं लागतं.

गूगल शीट्समध्ये काम आणखी सोपं: =सम(सी२:सी). शेवटचा आकडा लिहायचाच नाही. फक्त हे सूत्र त्याच कॉलममध्ये खाली ठेवू नका, ते स्वतःलाच मोजायला जातं आणि एरर येते.

टेबल करायचं नसेल तर एक्सेलमध्ये =सम(सी२:इंडेक्स(सी:सी,काउंटए(सी:सी))) चालतं. काउंटए भरलेले सेल मोजतं: शीर्षक आणि तीस रकमा मिळून ३१, म्हणून रेंज सी३१ पर्यंत. पण मधली एक रक्कम रिकामी राहिली की मोजणी ३० वर येते आणि शेवटची पावती गुपचूप गळते. त्यामुळे रक्कम यायची असेल तिथे शून्य लिहा. ऑफसेट हे फंक्शन वापरूनही हे जमतं, पण शीटमध्ये काहीही बदललं की ते पुन्हा मोजत बसतं आणि मोठी फाइल जड होते.